संगणक प्रश्नोत्तरे : आकडा कोणत्या धक्क्यावर मोजला?

व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्क इंटरफेसची आकडेवारी कशी वाचावी आणि विशेषतः ती कशी नोंदवून ठेवावी, याविषयी कोकण किनाऱ्यावरील वाचकांची बरीच पत्रे या महिन्यात आली आहेत. विषय एकच असल्यामुळे या अंकातील सर्व जागा त्यालाच दिली आहे. पुढील उत्तरांत व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे सॉफ्टवेअरने उभारलेल्या आभासी संगणकाला, 'व्हीएम' आणि ती ज्या प्रत्यक्ष सर्व्हरवर चालते त्याला 'होस्ट' म्हटले आहे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात एका लिनक्स सर्व्हरवर केव्हीएमच्या साहाय्याने चार व्हीएम चालतात. प्रत्येक व्हीएमने किती डेटा घेतला आणि किती पाठवला, हे दरमहा नोंदवहीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. होस्टवर 'आयपी' कमांडने पाहिले, तर 'व्हीनेट२' या इंटरफेसवर पाठवलेले ४१ जीबी आणि मिळालेले ६ जीबी दिसतात. त्याच व्हीएमच्या आत जाऊन पाहिले, तर मिळालेले ४१ आणि पाठवलेले ६ दिसतात. यांतले खरे कोणते, आणि वहीत कोणते लिहावे? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोन्ही खरे आहेत, आणि आपण दोन्हीकडे पाहिलेत म्हणून हा प्रश्न आपल्याला पडला, एकाच ठिकाणी पाहिले असते तर चूक कळलीच नसती. दाभोळ–धोपावे फेरीबोटीचे उदाहरण घ्या. दाभोळच्या धक्क्यावर उभा असलेला माणूस 'गेले' या रकान्यात जो आकडा लिहील, तोच आकडा धोपाव्याच्या धक्क्यावरचा माणूस 'आले' या रकान्यात लिहील. दोघेही चुकलेले नाहीत, मात्र वही कोणत्या धक्क्यावरची आहे हे पहिल्या पानावर लिहिलेले नसेल, तर वर्षभराने ती हातात घेणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही.

'व्हीनेट२' हा टॅप प्रकारचा इंटरफेस आहे. तो एक आभासी केबल आहे असे समजा : तिचे एक टोक व्हीएमच्या नेटवर्क कार्डाला जोडलेले आणि दुसरे होस्टवरील ब्रिजला, म्हणजे व्हीएमना एकमेकींशी आणि बाहेरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या आभासी स्विचला. होस्टचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) आपल्या टोकाशी बसून मोजतो, म्हणून त्याने केबलमध्ये घातलेले प्रत्येक पॅकेट त्याच्या लेखी 'पाठवलेले' असते, आणि तेच पॅकेट व्हीएमच्या लेखी 'मिळालेले' ठरते. 'प्रॉक' फोल्डरातील 'नेट–डेव्ह' फाइल, 'सिस' फोल्डरातील त्या इंटरफेसची आकडेवारी आणि 'आयपी' कमांड ही तिन्ही साधने होस्टच्या बाजूने बोलतात. याउलट व्हीएम हाताळणाऱ्या लिबव्हर्ट या साधनसंचाच्या 'व्हर्श'मधील 'डोमइफस्टॅट' ही कमांड टॅप इंटरफेसचे आकडे दिशा अदलाबदल करूनच देते, कारण तिला व्हीएमच्या बाजूने बोलायचे असते. प्रॉक्समॉक्स या व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधील 'नेटइन' आणि 'नेटआउट' हेही व्हीएमच्याच बाजूचे आहेत. याचा अर्थ असा की, एकाच होस्टवर एकाच क्षणी एका व्हीएमविषयी दोन कमांड उलट आकडे देतात आणि त्या दोन्ही बरोबर असतात. मॅकव्हीटॅप पद्धतीने (ब्रिजऐवजी थेट प्रत्यक्ष कार्डावर) जोडलेल्या व्हीएममध्ये तर होस्टवर दिसणारी दिशा आणि व्हीएमची दिशा एकच असते, त्यामुळे तेथे अदलाबदल करायची नसते. लिबव्हर्टच्या जुन्या आवृत्त्यांत नेमके हेच चुकत असे.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो, त्यामागे एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडे आली, तेव्हा आधीच्या माणसाने ठेवलेला तक्ताही माझ्याकडे आला. त्यात 'आरएक्स' (मिळालेले) आणि 'टीएक्स' (पाठवलेले) असे दोनच रकाने होते. आकडे कोठून वाचले याचा उल्लेख नव्हता. जुलै महिना होता, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि तक्ता चाळताना मला दिसले की फाइल सर्व्हरच्या व्हीएमवर रोज रात्री १ ते ४ या वेळेत 'आरएक्स' अफाट वाढत आहे. कोणी तरी बाहेरून या व्हीएममध्ये डेटा ओतत आहे, असा अर्थ मी लावला आणि फायरवॉलवर त्या वेळेतील वाहतूक अडवली. दोन रात्री मी जागून पाहिले आणि आकडा खाली आल्याचे समाधान मानले. तिसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या इमारतीतील बॅकअप सर्व्हरवर गेलो, तेव्हा शेवटचे दोन बॅकअप आलेलेच नव्हते. तक्त्यातील आकडे टॅपवरून घेतलेले होते; 'आरएक्स' म्हणजे होस्टला मिळालेले, अर्थात व्हीएमने पाठवलेले. मी रात्रीचा बॅकअपच अडवून ठेवला होता. त्या दोन रात्रींत डिस्क गेली असती, तर संस्थेचे दोन दिवसांचे काम माझ्यामुळे गेले असते. तेव्हापासून मी कोणत्याही तक्त्यात नुसते 'आरएक्स' आणि 'टीएक्स' लिहीत नाही.

आपण वहीत 'व्हीएमला मिळालेले' आणि 'व्हीएमने पाठवलेले' असे स्पष्ट मराठीत दोन रकाने करा आणि त्यांखाली कोणत्या कमांडने वाचले ते लिहा. दिशा बरोबर आहे की नाही, हे कागदपत्रावरून मान्य करू नका, स्वतः तपासा. आधीच कॉम्प्रेस केलेली, साधारण १ जीबीची एखादी फाइल बाहेरच्या संगणकावरून व्हीएममध्ये कॉपी करा, कॉपीपूर्वीचे आणि नंतरचे वाचन घ्या. ज्या आकड्यात १ जीबीहून थोडी अधिक वाढ झाली, तो 'व्हीएमला मिळालेले'. वाढ फाइलच्या आकारापेक्षा अधिक असते, कारण काउंटर प्रत्येक पॅकेटचे हेडरही, म्हणजे त्यावरील पत्ता वगैरेचा भागही, मोजतो. प्रत्यक्ष केबलवर १५०० च्या एमटीयूला (एका पॅकेटच्या कमाल आकाराला) साध्या टीसीपी जोडणीत प्रत्येक १५१४ बाइटमागे फाइलचे जेमतेम १४४८ बाइट असतात. दुसऱ्या दिशेचा आकडाही थोडा हलेल; त्या पोहोच मिळाल्याच्या पावत्या. ही तपासणी ज्या दिवशी केली ती तारीख वहीत लिहून ठेवा, आणि होस्टचे सॉफ्टवेअर अपग्रेड झाल्यावर पुन्हा करा. पाच मिनिटांचे काम आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील सर्व्हरच्या व्हीएमचे मासिक आकडे आम्ही 'या महिन्याचे वाचन वजा मागील महिन्याचे वाचन' असे काढतो. पावसाळ्यात वीज गेली आणि यूपीएसही संपला की त्या महिन्याचे उत्तर उणे येते. एकदा तर वीज गेलेली नसताना, केवळ व्हीएम रीस्टार्ट केल्यावर व्हीएममधील आकडा शून्य झाला, पण होस्टवरचा तसाच राहिला. हे का होते, आणि अशा महिन्यात काय लिहावे? — संगणक विभागातील एक कर्मचारी, चिपळूण

उत्तर : काउंटर महिन्याचा हिशेब ठेवत नाही, तो स्वतः जन्माला आल्यापासूनचा हिशेब ठेवतो. त्यामुळे नोंदीत आकड्याइतकेच महत्त्व तो केव्हापासून मोजला जात आहे याला आहे, आणि बहुतेक तक्त्यांत नेमके तेच नसते.

टॅप इंटरफेस व्हीएम सुरू होताना तयार होतो आणि ती बंद झाली की नाहीसा होतो. व्हीएमच्या आतून रीबूट केले, तर आतली ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने सुरू होते आणि तिचे काउंटर शून्यापासून मोजू लागतात. परंतु व्हीएम चालवणारी होस्टवरची क्यूईएमयूची प्रक्रिया तीच राहते, टॅपही तोच राहतो, म्हणून होस्टवरचा आकडा पुढे चालू राहतो. आपण पाहिले ते हेच. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केली, तर दोन्हीकडे शून्य. चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवली, तर उलटे घडते : व्हीएमची मेमरी जशीच्या तशी जाते म्हणून आतले काउंटर शाबूत राहतात, पण नव्या होस्टवर नवा टॅप तयार होतो आणि तेथील मोजणी शून्यापासून सुरू होते. वीज गेली तर अर्थातच सगळेच जाते.

विजेच्या मीटरचे वाचन घेणारा माणूस काय करतो ते आठवा. तो वहीत युनिटची वजाबाकी लिहीत नाही, वाचन लिहितो. आणि मीटर बदलला की जुन्याचे शेवटचे वाचन व नव्याचे पहिले वाचन अशा दोन नोंदी ठेवतो. आपणही कच्चे वाचन जसेच्या तसे ठेवा, शेजारी व्हीएम सुरू झाल्याची वेळ लिहा आणि वजाबाकी वेगळ्या रकान्यात करा. वाचन मागच्यापेक्षा कमी आले, की मीटर बदलला असे समजून नवी सुरुवात धरा. महिन्यातून एकच वाचन घेत असाल, तर वीज जाण्यापूर्वीचा मोठा भाग हातून जातो. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात रोजचे वाचन आपोआप फाइलमध्ये लिहिले जाईल अशी व्यवस्था करणे अगत्याचे आहे, आणि ती फाइल त्याच होस्टवर न ठेवता दुसरीकडे ठेवावी.

इंटरफेसच्या नावावर मात्र विसंबू नका. आज जो 'व्हीनेट२' आहे, तो पुढच्या वेळी 'व्हीनेट५' असू शकतो, आणि 'व्हीनेट२' हे नाव दुसऱ्याच व्हीएमकडे गेलेले असू शकते. वर्षभराच्या नोंदी जुळवायच्या असतील, तर ओळख म्हणून मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा सहा भागांचा ओळख क्रमांक) लिहा. केव्हीएममध्ये तो सहसा ५२:५४:०० ने सुरू होतो आणि व्हीएमच्या व्याख्येत साठवलेला असल्यामुळे रीस्टार्टनंतरही बदलत नाही. 'व्हर्श'मधील 'डोमइफलिस्ट' ही कमांड त्या वेळचे नाव आणि मॅक पत्ता शेजारी शेजारी दाखवते.

उणे उत्तराचे आणखी एक कारण असते. एसएनएमपीच्या (नेटवर्कवरील उपकरणांचे आकडे दुरून वाचण्याच्या नियमांच्या) जुन्या पद्धतीत बाइटचा काउंटर ३२ बिटचा आहे. १९९१ च्या आरएफसी १२१३ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात तो तसाच आहे. असा काउंटर ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो. १०० एमबीपीएसची वाहतूक सतत चालली, तर पावणेसहा मिनिटांच्या आत, आणि १ जीबीपीएसला अवघ्या ३४ सेकंदांत तो एक फेरा पूर्ण करतो. पाच मिनिटांनी वाचन घेणाऱ्याला तो मध्ये किती फेरे मारून आला हे कळण्याचा मार्गच नाही. २००० सालच्या आरएफसी २८६३ नुसार २० एमबीपीएसहून वेगवान इंटरफेससाठी ६४ बिटचे काउंटर वापरायचे असतात. आपले देखरेखीचे सॉफ्टवेअर कोणते वापरते ते पाहून घ्या आणि नोंदवहीत '३२' की '६४' ते लिहा.

प्रश्न : आमची आंब्याची थेट विक्री करणारी संस्था आहे. एप्रिल-मे महिन्यांत ऑर्डरच्या संकेतस्थळावर गर्दी होते, म्हणून त्या व्हीएमची आकडेवारी मी बारकाईने पाहतो. टॅपवरील बाइटना पॅकेटच्या संख्येने भागले, तर सरासरी पॅकेट ११,००० बाइटचे येते. आमचा एमटीयू १५०० आहे, मग हे कसे शक्य आहे? शिवाय सगळ्या व्हीएमची बेरीज सर्व्हरच्या प्रत्यक्ष कार्डावरील आकड्यापेक्षा अधिक येते. — एक वाचक, देवगड

उत्तर : दोन्ही निरीक्षणे अचूक आहेत आणि दोन्हींत बिघाड काही नाही.

पहिले असे. व्हीएममधील व्हर्टआयओ हे आभासी कार्ड आणि होस्ट यांच्यात मधे खरी तार नसते, त्यामुळे डेटाचे १५०० बाइटचे तुकडे तेथेच करण्याची गरज नसते. व्हीएम जवळजवळ ६४ केबीपर्यंतचा एक मोठा गठ्ठा होस्टच्या हाती देते आणि तुकडे करण्याचे काम अगदी शेवटी, बहुधा प्रत्यक्ष नेटवर्क कार्ड करते; यालाच सेगमेंटेशन ऑफलोड म्हणतात. टॅपवर मात्र तो गठ्ठा एकच पॅकेट म्हणून मोजला जातो. फेरीबोटीवर चढलेली एसटी धक्क्यावरच्या वहीत एक वाहन असते; पलीकडे उतरल्यावर तिच्यातून चाळीस माणसे निघतात. म्हणून टॅपवरची पॅकेटची संख्या आणि प्रत्यक्ष कार्डावरची संख्या यांची तुलना करू नये. बाइटचे आकडे बऱ्याच अंशी जुळतात. अर्थात गठ्ठ्याला एकच हेडर असल्यामुळे टॅपवर ते थोडे कमी भरतात. आपल्या नोंदीत पॅकेटचा रकाना असेल, तर त्याखाली 'टॅपवर मोजलेले, सेगमेंटेशन ऑफलोड चालू' इतके लिहा. ऑफलोड चालू आहे की बंद, हे 'ईथटूल'च्या लहान 'के' या पर्यायाने दिसते.

दुसऱ्याचे कारण असे की, एकाच होस्टवरील दोन व्हीएम एकमेकींशी बोलतात तेव्हा ती वाहतूक ब्रिजवरच्या ब्रिजवर फिरते आणि प्रत्यक्ष कार्डापर्यंत जातच नाही. आपल्याकडे संकेतस्थळाची व्हीएम आणि डेटाबेसची व्हीएम वेगळी असणार. ऑर्डर पाहणारे प्रत्येक गिऱ्हाईक त्या दोघींमध्ये पुष्कळ देवघेव घडवून आणते आणि ती दोन्ही टॅपवर मोजली जाते. ब्रॉडकास्ट (सर्वांसाठी पाठवलेल्या) पॅकेटचेही तसेच : कार्डावर एक येते, पण ब्रिज त्याची प्रत प्रत्येक टॅपवर टाकतो. प्रॉक्समॉक्सची फायरवॉल चालू असेल, तर एकाच व्हीएमच्या वाटेवर टॅपखेरीज आणखी तीन इंटरफेस तयार होतात आणि तीच वाहतूक त्या प्रत्येकावर पुन्हा मोजलेली दिसते. इंटरनेट जोडणीचे बिल तपासायचे असेल तर प्रत्यक्ष कार्डाचा आकडा घ्या, व्हीएमचा ताण पाहायचा असेल तर टॅपचा. त्यांची बेरीज जुळवण्याचा खटाटोप करू नका. ती जुळायची नाही.

प्रश्न : एका व्हीएमच्या टॅपवर 'ड्रॉप' या रकान्यात २१४ हा आकडा आहे आणि 'एरर'मध्ये शून्य. वरिष्ठांनी केबल बदलण्यास सांगितले आहे. बदलावी का? — एक वाचक, मालवण

उत्तर : टॅपला प्रत्यक्ष केबल नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेने आपल्याकडे कनेक्टर गंजतात हे खरे, आणि प्रत्यक्ष कार्डावर सीआरसीच्या (डेटा वाटेत बिघडल्याच्या) एरर वाढत असतील तर केबल अवश्य बदलावी. पण आभासी इंटरफेसवर तसल्या एरर सहसा येतच नाहीत. तेथे 'एरर' शून्य आहे म्हणून सर्व ठीक आहे, असाही निष्कर्ष काढता येत नाही.

पाहायचा रकाना ड्रॉपचाच (टाकून दिलेल्या पॅकेटचा) आहे, मात्र तो कोणत्या बाजूचा हे आधी ठरवा. होस्टच्या दृष्टीने 'पाठवताना ड्रॉप' असेल, तर त्याचा अर्थ असा की होस्टने पॅकेट टॅपच्या रांगेत ठेवले, व्हीएमने ते वेळेत उचलले नाही आणि रांग भरली. ही रांग सामान्यतः १००० पॅकेटची असते. कारण बहुतेक वेळा व्हीएमला प्रोसेसर मिळत नाही हे असते, म्हणजे उपाय केबलकडे नसून होस्टवरील गर्दीकडे आहे. व्हीएमच्या आत 'मिळताना ड्रॉप' दिसत असेल, तर त्यात निरुपद्रवी पॅकेटही मोजली जातात. उदाहरणार्थ, स्विच आपली ओळख सांगण्यासाठी वेळोवेळी पाठवतो ती, किंवा या व्हीएमला ठाऊक नसलेल्या व्हीलॅनची (नेटवर्कच्या आभासी विभागाची).

आणि २१४ हे किती काळात? व्हीएम आठ महिने सुरू असेल तर या आकड्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. आज सकाळी १० ते १०:०५ या वेळेत इतके ड्रॉप झाले असतील, तर ती व्हीएम वापरणाऱ्यांना अडचण झाली असण्याचा संभव आहे. आठवडाभर दर पाच मिनिटांनी वाचन घेऊन, ड्रॉप कोणत्या वेळी वाढतात ते वरिष्ठांना दाखवा. केबलचा विषय आपोआप मागे पडेल.

प्रश्न : वाचन किती वेळाने घ्यावे? आमचे सॉफ्टवेअर पाच मिनिटांची सरासरी दाखवते आणि त्यात जोडणी ५ टक्केच वापरली जात असल्याचे दिसते, तरी कर्मचारी 'मधूनच सगळे अडकते' अशी तक्रार करतात. — एक वाचक, अलिबाग

उत्तर : कर्मचाऱ्यांवर विश्वास ठेवा. १ जीबीपीएसची जोडणी १५ सेकंद पूर्ण भरली आणि उरलेली २८५ सेकंद रिकामी राहिली, तर पाच मिनिटांची सरासरी बरोबर ५ टक्केच येते. अडकते ते त्या १५ सेकंदांत. तक्रार असलेल्या व्हीएमचे वाचन काही दिवस १० सेकंदांनी घ्या. काउंटर वाचणे इतके हलके काम आहे की सर्व्हरवर त्याचा भार जाणवत नाही.

आलेखाच्या बाबतीत याहून अधिक काळजी घ्यावी लागते. आरआरडी पद्धतीने साठवणारी साधने जुने आकडे मोठ्या कालखंडांच्या सरासरीत मिसळून ठेवतात. कालची टोके दिसतात, पण वर्षाच्या आलेखात तीच टोके सपाट झालेली असतात. म्हणून अहवालात आलेख चिकटवताना 'सरासरी किती कालखंडाची' हे त्याखाली लिहिणे मला अत्यावश्यक वाटते. एकक बिट आहे की बाइट हेही लिहा, कारण आठपटीचा फरक पडतो आणि इंग्रजीत लहान 'बी' व मोठा 'बी' यांत गल्लत नेहमी होते.

वेळेविषयी एक सूचना. व्हीएम काही काळ थांबवून ठेवली, तर पुन्हा चालू केल्यावर तिचे घड्याळ मागे राहिलेले असू शकते, आणि मग होस्टच्या व व्हीएमच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. दोन्हीकडे क्रोनी किंवा तत्सम साधनाने घड्याळ जुळते ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळती ठेवायची आहेत आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत. आपले वाचनही निदान तेवढे दिवस ठेवण्यास हरकत नसावी.

प्रश्न : एका व्हीएमला पूर्ण नेटवर्क कार्ड थेट दिले आहे. होस्टवर तिचा इंटरफेसच दिसत नाही. आकडे कोठून घ्यावेत? — एक वाचक, कुडाळ

उत्तर : व्हीएमच्या आतूनच. कार्ड थेट दिल्यावर होस्टचा कर्नल त्या वाटेवर उरत नाही, म्हणून तेथे मोजणारा कोणी नसतो. खात्री करायची असेल, तर ते कार्ड ज्या स्विचला जोडले आहे त्याच्या पोर्टचे आकडे पाहा. अर्थात स्विचचे 'पाठवलेले' म्हणजे व्हीएमचे 'मिळालेले'.

प्रश्न : मी नुकतीच नोकरीस लागले आहे. अशा नोंदीचा एक पूर्ण नमुना द्याल का? — एक वाचक, दापोली

उत्तर : आपल्या वहीत एक नोंद पुढीलप्रमाणे असावी, यातील आकडे केवळ नमुन्यासाठी आहेत.

३० जून, रात्री ११:५५, भारतीय प्रमाणवेळ. व्हीएम : हिशेब-१. कार्ड : पहिले, व्हर्टआयओ, मॅक पत्त्याचे शेवटचे तीन भाग ३१:०७:९२. त्या वेळचे होस्टवरील नाव : व्हीनेट५, ब्रिजवर. वाचन होस्टवरून 'व्हर्श डोमइफस्टॅट'ने. दिशा व्हीएमच्या बाजूने, फाइल कॉपी करून तपासलेली, १२ मे. काउंटर ६४ बिट. व्हीएम सुरू झाली : २१ जून, पहाटे ४:१०. व्हीएमला मिळालेले : १८,४०,२२,७१,५०६ बाइट, ड्रॉप ०. व्हीएमने पाठवलेले : ३,११,९०,४४,८१८ बाइट, ड्रॉप ०. शेरा : २० जूनच्या रात्री वीज गेली व यूपीएस संपला, त्यापूर्वीचे शेवटचे वाचन सायंकाळी ६:०० चे आहे. ६:०० पासून वीज जाईपर्यंतची वाहतूक या नोंदीत नाही.

शेवटच्या वाक्याची जागा कधी अंदाजाने भरू नका. मागच्या काही दिवसांची सरासरी काढून तेथे आकडा बसवावा, असे आपल्याला कोणी सुचवील, कारण रिकामी जागा अहवालात बरी दिसत नाही. तसा आकडा कोणाला हवाच असेल, तर तो वेगळ्या कागदावर, अंदाज म्हणून, काढणाऱ्याच्या सहीने द्यावा. वहीत वाचनाच्या रकान्यात वाचनच राहू द्यावे. मॅक पत्ता मी वर तोकडा लिहिला आहे तो जागेअभावी. आपण मात्र सहाही भाग लिहा.